किराण्याचा पियानो

गुरूचं नाव घेताना आपल्याकडे कानाच्या पाळीला हात लावतात. अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव निघालं की लावतात, सवाई गंधर्वांचं निघालं की लावतात, हिराबाईंचं आणि भीमसेनजींचं निघालं की लावतातच. माझी तक्रार अशी आहे की पुण्यातल्या रसिकानं कानाला हात लावायचा रिवाज चोख सांभाळला आणि कान वापरायचं काम मात्र हळूहळू सोडून दिलं. हे उद्धट वाटेल. वाटू दे. पुरावा म्हणून मी एक ध्वनिमुद्रिका पुढे ठेवते. ती पाच तासांची आहे, एकट्या पियानोची आहे, न्यूयॉर्कमध्ये वाजवलेली आहे. आणि वाजवणारा माणूस किराणा घराण्याच्या गवयाकडे २६ वर्षं शिकलेला आहे.

(किराणा म्हटल्यावर दहा मिनिटांत डाळ-तांदूळ आणून देणारं ॲप आठवलं असेल तर एवढं सांगते की, घराण्याचं हे नाव उत्तर प्रदेशातल्या कैराना गावावरून पडलं आहे.)

ध्वनिमुद्रिकेचं नाव 'द वेल-ट्यून्ड पियानो'. वाजवणारा ला मॉन्ट यंग, अमेरिकेतल्या प्रायोगिक संगीतातलं मोठं नाव. २५ ऑक्टोबर १९८१ रोजी ती मुद्रित झाली. लांबी ५ तास १ मिनिट. १९८७ साली ग्रामाव्हिजन या कंपनीनं ती पाच तबकड्यांच्या संचात बाजारात आणली. या रचनेवर यंगनं १९६४ पासून काम सुरू केलं होतं, म्हणजे आपल्या गुरूला भेटण्याच्या आधीच. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे मी जे म्हणणार आहे ते 'सगळं आपल्याकडूनच गेलं' या थाटाचं नाही.

गुरू होते पंडित प्राणनाथ. जन्म १९१८, लाहोर. त्यांचे उस्ताद अब्दुल वाहिद खाँ, म्हणजे किराणा घराण्याचा एक खांब. दुसरा खांब अब्दुल करीम खाँ. आता इथं नीट लक्ष द्या. याच अब्दुल वाहिद खाँसाहेबांकडे हिराबाई बडोदेकर शिकल्या. मिरजेत जन्मलेल्या, पुण्यात राहिलेल्या, साऱ्या महाराष्ट्राच्या हिराबाई. म्हणजे प्राणनाथ हे हिराबाईंचे गुरुबंधू. १९७० साली ला मॉन्ट यंग आणि त्याची पत्नी, चित्रकार मॅरियन झझीला, या दोघांनी प्राणनाथांचं शिष्यत्व पत्करलं. त्यांचा मित्र टेरी रायलीही आला. न्यूयॉर्कमध्ये 'किराणा' हे नाव लावलेलं संगीत केंद्र उभं राहिलं. प्राणनाथ १९९६ साली वारले, तोवर हे लोक त्यांच्याकडे शिकत राहिले, त्यांच्या मागे तंबोरे धरून बसत राहिले. आपल्या नात्याच्या हिशेबानं पाहिलं तर यंगचा पियानो हा हिराबाईंच्या पुतण्याचा पियानो आहे.

आणि या पुतण्याला आपण घरात घेत नाही.

*

मी नांद्यात राहते. मुळशी तालुका, पुण्याहून सूस ओलांडून आलं की नांदे, मग चांदे. एका बाजूला गाव आणि शेतं, दुसऱ्या बाजूला आमच्यासारख्यांचे मनोरे. आमच्या सोसायटीत दर डिसेंबरला सवाईला जाणारा एक गट आहे. रमणबागेत होतं तेव्हापासून जाणारी मंडळी त्यात आहेत, मुकुंदनगरला जायला लागल्यापासून पार्किंगबद्दल कुरकुरणारी आहेत. जाणकार, वाचणारी, मनानं चांगली माणसं. एका रविवारी संध्याकाळी मी त्यांना चहाला बोलावलं आणि काहीच न सांगता ही ध्वनिमुद्रिका लावली.

बाराव्या मिनिटाला एक काका म्हणाले, "अगं, तुझा हा पियानो उतरलाय."

दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, "याला ना चाल, ना ताल. धरायचं काय?" तिसऱ्यानं मोबाइलवरून नजर न काढता शेरा दिला की योगासनं करताना मागे लावायला बरं आहे. मग मी सांगितलं की हा माणूस प्राणनाथांचा शिष्य, प्राणनाथ वाहिद खाँसाहेबांचे, आणि हिराबाईही त्यांच्याच. खोलीतली हवा बदलली. काका सरसावून बसले आणि म्हणाले, "बघा! शेवटी गोऱ्यांनासुद्धा आपल्याकडेच यावं लागतं."

मला राग आला तो 'उतरलाय'चा नव्हे. ते निदान ऐकून दिलेलं मत होतं. राग आला तो या दुसऱ्या वाक्याचा. दोन मिनिटांपूर्वी जे बेसूर होतं ते वंशावळ कळताच अभिमानाचं झालं, आणि मधल्या वेळात कुणी एक स्वरही नव्यानं ऐकला नव्हता. माझी तक्रार यालाच आहे. आपल्याला आता संगीतातलं फक्त आडनाव ऐकू येतं.

*

काका 'उतरलाय' म्हणाले ते का, हे समजून घ्यायला हवं, कारण सगळा मुद्दा तिथंच आहे. आणि ते समजायला तुमच्या हातातला फोन पुरे.

इअरफोन लावा, कारण फोनच्या स्पीकरला खर्ज झेपत नाही. एका फोनवर तंबोऱ्याचं ॲप सुरू करा, सा पांढरी एक. पाच मिनिटं फक्त ऐका. थोड्या वेळानं खर्जाच्या तारेतून एक स्वर वर येताना ऐकू येईल, जो कुणी छेडलेलाच नाही. हा स्वयंभू गंधार. तार एका कंपनात हलत नाही. ती स्वतःच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांतही एकाच वेळी हलते, आणि त्या पाचव्या हलण्यातून हा गंधार जन्मतो. आता दुसऱ्या फोनवर पियानोचं ॲप उघडा आणि पांढरी तीन दाबा. दोन गंधार एकमेकांशेजारी आले की हवेत एक थरथर ऐकू येईल. ते जुळत नाहीत.

हिशेब साधा आहे. सा २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्याचा गंधार ३०० वर येतो. पियानोचा येतो सुमारे ३०२.४ वर. कारण पियानोनं सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीला सा मानून वाजवता यावं. सोय सगळ्यांची, आणि पंचमही जेमतेम जुळता. मधले बहुतेक स्वर थोडे थोडे खोटे. कोमल निषादाचं तर विचारूच नका. तारेच्या सातव्या हलण्यातून निघणारा निषाद ४२० वर आहे आणि पियानोचा जवळजवळ ४२७.६ वर. साडेसात कंपनांचा फरक कुणालाही ऐकू येतो, फक्त ऐकायची सवय हवी.

यंगनं काय केलं? त्यानं बोझेनडॉर्फर इंपीरियल हा ९७ पट्ट्यांचा अजस्र पियानो घेतला आणि सगळ्या पट्ट्यांना सा व्हायची मुभा काढून घेतली. सा एकच, आपल्या भाषेत काळी दोन. बाकीचे अकरा स्वर त्या एका सा-शी असलेल्या नात्यानं लावले, तारेच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या हलण्यातून काढून. पाचवं हलणं त्यानं वगळलं, म्हणजे स्वयंभू गंधाराला रजा. आपल्याला यात दचकण्यासारखं काही असू नये. सारंगात गंधार वर्ज्य असतो, तरी सारंग दुपारभर पुरतो. या जुळणीत काही पट्ट्यांचा क्रमही उलटा होतो. काळी चार दाबली की तिच्या डावीकडच्या पांढरी पाचपेक्षा खालचा स्वर निघतो. काळी एकही पांढरी एकच्या खाली जाऊन बसते. हात वर जातो आणि सूर खाली येतो.

तर काकांना जो पियानो उतरलेला वाटला, तो आजवर सर्वांत जास्त काळजीनं जुळवलेल्या पियानोंपैकी एक आहे. आणि त्यांच्या घरातला, नातवाच्या परीक्षेसाठी आणलेला कीबोर्ड, जो त्यांना सुरेल वाटतो, त्याचा प्रत्येक गंधार तंबोऱ्यापाशी खोटा पडतो. किराणा घराणं सुराचं घराणं म्हणून ओळखलं जातं. त्या घराण्याच्या भक्तानं सुराला बेसूर म्हणावं आणि बेसुराला सूर, हा विनोद नाही. ही तब्येत बिघडल्याची खूण आहे.

*

"पण हे असले प्रयोग म्हणजे पाश्चात्त्यांचं खूळ. आपल्या परंपरेत कुठे असतं असं?"

असतं. सांगली-मिरज-पुणे या पट्ट्यात असतं, आणि यंगच्या जन्माच्या पाव शतक आधी होतं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. १९१० साली त्यांनी २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. कुठल्या श्रुतीची किती कंपनं, हे त्यांनी मोजून मांडायचा प्रयत्न केला, आणि मोजण्यासाठी त्यांच्यासमोर गायला बसले ते अब्दुल करीम खाँ. त्यांच्या जोडीला ई. क्लेमंट्स हे इंग्रज न्यायाधीश. यातून श्रुतींची पेटी तयार झाली, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त स्वर देणारी हार्मोनियम. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा श्रुतींवरून आणि या पेटीवरून कडाक्याचा वाद झाला. भातखंड्यांना देवल-क्लेमंट्स यांची मांडणी मान्य नव्हती.

कोण बरोबर होतं, हा आज मुद्दा नाही. पुढे गवयांच्या स्वरांची यंत्रांनी मोजणी झाली तेव्हा असं दिसलं की गाणारा गळा कुठल्याच ठरीव जागी खिळून राहत नाही. एकाच रागात, एकाच बैठकीत गंधार इकडेतिकडे होतो. देवलांची बावीस घरं गळ्याला पुरली नसती. तरी बघा, काय माणसं होती ती. एक डेप्युटी कलेक्टर, एक न्यायाधीश, एक उस्ताद. पट्ट्यांचं वाद्य आणि माणसाचा गळा यांचं पटत नाही म्हणून त्यांनी वाद्य बदलायला घेतलं. याला अवाँ-गार्द म्हणत नसतील तर कशाला म्हणतात?

खाँसाहेब स्वतः तर चालताबोलता प्रयोग होते. ख्यालात त्यांनी सरगम ज्या तऱ्हेनं आणली, तीवर नाकं मुरडली गेली. त्यांनी कर्नाटक संगीत आत्मसात केलं, त्यागराजांची रचना गाऊन मुद्रित केली. त्यांच्या मुलाच्या आणि मुलीच्या, म्हणजे सुरेशबाबूंच्या आणि हिराबाईंच्या शिष्या प्रभा अत्रे यांनी पुढे त्याच सरगमवर पीएच.डी. केली. जे एका पिढीत खूळ होतं ते दोन पिढ्यांनी प्रबंधाचा विषय झालं. आज आपण त्याच खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकतो, तेव्हा त्यातला धोका आपल्याला ऐकूच येत नाही. खरखर ऐकू येते, आणि आपण 'आहाहा' म्हणतो.

*

आता या पियानोवरचे खरे आक्षेप घेते, कारण ते आहेत.

पहिला: पियानोवर मींड निघत नाही. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि विषय संपतो. एका स्वरातून दुसऱ्यात सरकता येत नाही, मग हे किराण्याचं कसं? अगदी बरोबर. म्हणून यंग पियानोवर ख्याल वाजवत नाही. आपल्याकडे जे करतात, म्हणजे पियानोवर यमन वाजवून 'बघा, जमलं की नाही' म्हणतात, त्या फंदात तो पडतच नाही. त्यानं घराण्याकडून दोनच गोष्टी घेतल्या: स्वर कसा लावायचा आणि तो लागेपर्यंत किती थांबायचं. सुरुवातीची कितीतरी मिनिटं मोजक्या स्वरांत जातात. मग कधीतरी तो काही पट्ट्यांवर इतक्या वेगानं आणि इतका वेळ हात चालवतो की स्वतंत्र ठोके ऐकू येईनासे होतात. त्या प्रकाराला तो 'ढग' म्हणतो. अचूक जुळलेल्या तारा एकमेकींना हलवू लागतात आणि पियानोच्या पोटातून असे आवाज निघतात जे कुणी वाजवलेले नाहीत. मला त्यात माणसं गाताना ऐकू येतात. दूरवर, खूप जण, आकारात. वाद्यानं गळ्याची नक्कल केलेली नाही. स्वर इतका खरा लागला की गळा आपोआप उमटला. ढगाच्या आधी प्राणनाथांची तोडी ऐका आणि मग पुन्हा ढग. १९६८ साली मुद्रित झालेली ती तोडी आणि सोबतची दरबारी १९८६ साली याच कंपनीनं काढली. किती हळू आणि किती निर्धास्तपणे हे गृहस्थ एका स्वरावर उभे राहतात, ते ऐकलं की पियानोचा धीर कुठून आला ते कळतं.

टेरी रायलीनं तर दोन्ही टोकं एका माणसात आणली. १९८६च्या 'द हार्प ऑफ न्यू अल्बियन'मध्ये त्यानंही पियानो नैसर्गिक स्वरांत जुळवून घेतला, आणि मैफिलींत तो पियानोवर बसून गातही असे. प्राणनाथांकडे शिकलेला गळा आणि खाली पट्ट्या. हे ऐकून कुणाला गोविंदराव टेंबे आठवत नसतील, तर चूक रायलीची नाही.

दुसरा आक्षेप: पाच तास कुणाला आहेत? हा मला सर्वांत लटका वाटतो. आठ भागांची वेबसिरीज शनिवारी रात्री सुरू करून रविवारी पहाटे संपवणाऱ्या पिढीनं वेळेचं रडगाणं गाऊ नये. आणि आमच्या गावात हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा रात्रीचं कीर्तन दोन-अडीच तास सहज चालतं, दिवसभर राबलेली माणसं मांडी घालून ऐकतात. वेळ असतो. तो कशाला द्यायचा हे आपण ठरवतो आणि मग नसल्याचं सांगतो.

तिसरा आक्षेप जरा जड आहे: हा यंग फार लपवाछपवी करणारा माणूस. खरंच आहे. त्यानं आपली स्वरजुळणी वर्षानुवर्षं गुपित ठेवली. काइल गान या संगीतकार-समीक्षकानं १९९३ साली तिचं विश्लेषण छापलं तेव्हा ती सगळ्यांसमोर आली. त्याच्या मुद्रणांपैकी थोडीच बाहेर आली आहेत. यासाठी त्याला नावं ठेवा, मीही ठेवते. पण बंदिशीचा अंतरा मुद्दाम चुकीचा गाणाऱ्या, जावयालाच चीज देणाऱ्या उस्तादांचे किस्से आपण डोळे मिचकावत सांगतो ना? मग हाही घराण्याचाच वारसा समजा, आणि दोन्हीकडे सारख्याच कडक आवाजात बोला.

*

शेवटी उरतो तो आक्षेप, जो कुणी तोंडानं म्हणत नाही, पण माझ्या दिवाणखान्यात तोच बसला होता: पियानो आपला नाही.

आपलं म्हणजे काय? आमच्या गावच्या नावातच त्याचं उत्तर सापडतं. व्युत्पत्ती सांगत नाही, शब्दाशी खेळते आहे. मराठीत सून सासरी नुसती 'राहत' नाही, ती 'नांदते'. परक्या घरातून येते आणि घर तिचं होतं. कधी सुखानं, कधी भांडून. पेटी अशीच आली. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र देबेंनं तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे आल्यावर तिनं पाय कापून घेतले, मांडी घालून बसायला शिकली, एका हातानं भाता मारायला लागली. संगीत नाटकानं तिला डोक्यावर घेतलं. गोविंदराव टेंब्यांनी तिला बोलकं केलं. बालगंधर्वांच्या मागे तर ऑर्गन वाजला. मग तिच्यावर बालंट आलं. ऑल इंडिया रेडिओतल्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकारानं तिच्याविरुद्ध लिहिलं, रवींद्रनाथांनाही ती नको होती, आणि १९४० साली रेडिओवर तिला बंदी झाली. ती तीन दशकं टिकली. आरोप तोच, जो मी वर पियानोवर केला: हिचे स्वर खोटे आहेत, हिच्यावर मींड नाही.

आणि पेटी काय म्हणाली? ती नांदत राहिली. जाणकार वादकांनी 'गंधार ट्यूनिंग' करून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे एक सा धरायचा आणि तंबोऱ्याच्या गंधाराशी पेटीचा गंधार जुळवून घ्यायचा. इतर पट्ट्यांत वाजवायची सोय गेली तरी चालेल. डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी केली. म्हणजे देवलांचा प्रश्न शंभर वर्षांनंतरही कुणीतरी हातात धरून बसलं आहे. आता सांगा, यंगनं पियानोचं जे केलं ते यापेक्षा वेगळं काय आहे? एक सा धरला, सोय सोडली, सूर घेतला. काम तेच. फक्त पेटीऐवजी पियानो, आणि मिरजेऐवजी मॅनहॅटन.

किराणा घराणं तरी कुठे आपलं होतं? कैराना गाव उत्तर प्रदेशातलं. खाँसाहेब बडोद्यामार्गे आले, पुण्यात विद्यालय काढलं, मिरजेत राहिले, तिथंच त्यांची कबर आहे. त्यांना ना मराठी आडनाव होतं ना मराठी गाव. इथल्या कानांनी त्यांना नांदवलं म्हणून ते आपले. हे एकदा मान्य केलं की पियानो फ्रेंच की जर्मन, यंग गोरा की काळा, हे प्रश्न पोरकट ठरतात. आपण त्याला ऐकू शकतो का, एवढाच प्रश्न उरतो.

*

मी यासाठी एवढी का भांडते आहे? पाच तासांच्या एका जुन्या ध्वनिमुद्रिकेवाचून नांद्यात कुणाचं काय अडलं आहे?

अडलं आहे ते असं. आमच्या सोसायटीतली मुलं कीबोर्डवर शिकतात, परीक्षा देतात, छान वाजवतात. गावातलं भजनी मंडळ पेटीवर गातं, आणि गंधार ट्यूनिंगची चैन त्यांच्या पेटीला क्वचितच मिळते. दोन्हीकडच्या मुलांच्या फोनमधल्या गाण्यांत गळ्याला सॉफ्टवेअरनं खेचून बारा घरांत बसवलेलं असतं. म्हणजे मनोरा असो की गाव, आजच्या दहा वर्षांच्या मुलाच्या कानावर जन्मापासून पडतो तो ३०२.४चा गंधार. ३००चा गंधार त्याला ऐकवला तर तोही म्हणेल, "उतरलाय." मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, फार बरं झालं. पण त्या तंबोऱ्यातून वर येणारा गंधार ओळखणारा कान संपला, तर ते मानांकन एका सुंदर भोपळ्याला मिळालेलं असेल.

आमच्या सोसायटीच्या मागे विजेची डीपी आहे. ती रात्रभर एका सुरात गुणगुणते, सुमारे १०० कंपनांवर. पियानोवर हा स्वर दोन पट्ट्यांच्या फटीत पडतो, तिथं पट्टीच नाही. यंग सांगतो की लहानपणी त्यानं मन लावून ऐकलेल्या पहिल्या आवाजांत वाऱ्याचा घोंगावता आवाज आणि अशाच ट्रान्सफॉर्मरची गुणगुण होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कानाला पट्ट्यांच्या फटीतलं ऐकू येणं हीच संगीताची पहिली पायरी असेल, तर ती आयडाहोच्या गावातही चढता येते आणि नांद्यातल्या गच्चीवरही.

पुण्यातल्या एका सभागृहात चांगला ग्रँड पियानो आहे. मी तिथल्या व्यवस्थापनाला विचारलं होतं: एका आठवड्यासाठी तो एका सा-ला जुळवून घेऊ, खर्च आम्ही करू, नंतर तुमच्याच माणसाकडून पूर्ववत करून देऊ. तारांना धोका आहे, हे उत्तर मी समजू शकले असते. पियानोत २३०च्या आसपास तारा असतात आणि ताण बदलणं ही चेष्टा नाही. उत्तर आलं ते असं: "प्रेक्षकांना वाटेल, आमचा पियानो खराब आहे." धोका तारांचा नव्हता. लोकांना फरक ऐकू येईल, याची भीती होती.

म्हणून माझ्या मागण्या मी उघडच मांडते. कुठल्याही एका संगीत महोत्सवानं, सवाईनं केलं तर सोन्याहून पिवळं, एक सत्र अशा पियानोला द्यावं. रोषणाई नको, फ्यूजन नको, तबल्यावर सवाल-जवाब नकोत. एका सा-ला जुळवलेला पियानो, मिरजेचे दोन तंबोरे आणि एक गायिका. आधी तिनं आलाप करावा, मग पियानोनं, मग दोघांनी, आणि जिथं पटणार नाही तिथं पटणार नाही. ज्यांना उठून जायचं आहे त्यांनी जावं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सरगमवरही लोक उठले असतील. जे बसून राहतील त्यांच्यातल्या दहा जणांना जरी त्या रात्री गंधाराचं खरं घर सापडलं, तरी घराण्याचं नाव घेताना हात कानाशी नेण्याचा हक्क आपण कमावला असं मी म्हणेन.

तोवर तुमच्याकडे इअरफोन आहेत. घरचे झोपल्यावर पहिला एक तास ऐका, फोन उलटा ठेवून. आणि कुणाकडे ताण सोसेल असा, जोखीम घ्यायला तयार असलेला पियानो असेल, तर तंबोरे घेऊन मी येते.